जीपला मान नसते

आबा,

काल बावधनला सिग्नलला नातवाच्या गाडीत बसले होते, तेव्हा आमच्या पुढच्या गाडीमागे एक होडी उभी होती. मुळशीच्या तलावाकडे निघालेली असणार, दुसरीकडे कुठे जाणार. तशीच जर्मलची, तेवढीच लहान, खाली दोन चाकांचा ट्रेलर. होडी पाहून मला तुमची आठवण आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी आधी काच खाली केली आणि चाकांचा आस कुठे आहे ते पाहिलं. चाकं होडीच्या मधोमध नव्हती. चांगली हातभर मागे होती, म्हणजे पुढचं टोक गाडीवर दाबून बसलेलं आणि शेपूट गप्प. सिग्नल सुटला, गाडी गेली, होडी तिच्यामागे सरळ रेषेत गेली. म्हणजे बरोबर मीच होते, आबा. तुम्ही चुकला होतात. हे ज्यांना कळवावं असं आता कोणी जिवंत नाही, साहेब नाही, त्याचा ड्रायव्हर नाही, तुम्ही तर केव्हाच गेलात, म्हणून शेवटी तुम्हालाच लिहिते आहे. पौडला तुमचा भाता होता त्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, एवढं तुमच्या माहितीसाठी.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि नेऱ्याहून नवऱ्याचं घर सोडून तुमच्याकडे आले होते. का आले ते तुम्हाला ठाऊक होतं. तोही लोहार, त्याचाही भाता, आणि राग आला की हातात असेल ते फेकायची त्याला सवय. त्या दिवशी हातात तापलेली सांडशी होती. माझ्या कोपरावर तिचे दोन्ही दात उमटले, ते आजही आहेत. मी चालत आले, घोटावड्यावरून, अनवाणी. तुम्ही उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत होता, ती मळतच राहिलात. कोपर पाहिलंत. मग म्हणालात, "घण मारशील तवर ऱ्हा." लोहाराच्या घरात बायका घण मारतातच, आईने मारला, आजीने मारला, त्यात काही विशेष नव्हतं. विशेष होतं ते 'तवर'. पोटच्या पोरीला घरात ठेवून घ्यायला तुम्ही अट घातलीत, आणि मी ती मान्य केली, कारण दुसरी जागा नव्हती. चार महिने मी तुमच्यासमोर ऐरणीवर उभी होते आणि रोज संध्याकाळी मनात म्हणायचे, आजचा दिवस गेला, उद्याही ठेवतील.

आणि मग ती होडी आली. पुण्याच्या कॅम्पातला कोणी साहेब, त्याला तलावात गळ टाकून मासे मारायचा शौक. मासा खायचा नाही हं, मारायचा, हातात धरून फोटो काढायचा आणि ड्रायव्हरला देऊन टाकायचा. मुंबईहून त्याने ही होडी मागवली होती. ॲल्युमिनियम हा शब्द तेव्हा आपल्याकडे कोणाच्या तोंडी नव्हता. डब्याला, पातेलीला जर्मल म्हणायचे, म्हणून तीही जर्मलची होडी झाली. चार माणसांनी उचलावी इतकी हलकी, पातेलीसारखी वाजणारी. ट्रेलर मात्र लष्कराच्या लिलावातला, कशासाठी केलेला देव जाणे, दणकट, लांब, पाच-पाच पाट्यांचे स्प्रिंग. त्यावर होडी ठेवली की तिचं पोट दोन आडव्या लोखंडांवर टेकायचं आणि प्रत्येक खड्ड्याला पोचा यायचा. साहेबाला कोणीतरी सांगितलं होतं की पौडचा लोहार गाडीचा तोल बसवण्यात असा आहे की सुतारसुद्धा त्याला विचारायला येतात. ते खरंच होतं. तुमच्याबद्दल जे थोडंफार चांगलं बोलावं लागतं त्यात हे येतं.

साहेबाची जीप थांबली आणि तुम्ही उठलात. एवढंच लिहिलं तरी पुरे आहे, पण मी पुढचंही लिहिते. तुम्ही पटका नीट केलात, समोरच्या हॉटेलातून कपबशीत चहा मागवलात, आणि होडी खाली उतरवायची म्हणून घरात जाऊन घोंगडी आणलीत आणि जमिनीवर अंथरलीत, नवी घोंगडी, जी तुम्ही लग्नकार्यालाच बाहेर काढायचात. मी आले तेव्हा तुम्ही जागचे हलला नव्हतात. होडीला घोंगडी. मी भात्याजवळ उभी राहून ते पाहिलं आणि मला इतकं हसू आलं की पदर तोंडावर धरावा लागला. तुम्हाला वाटलं पोरगी साहेबासमोर लाजली.

काम मात्र तुम्ही देखणं केलंत, ते नाकारून माझीच जीभ विटाळेल. लोखंडाची पातळ पट्टी घेऊन होडीच्या पोटाला लावली, हलक्या हाताने ठोकून पोटाचा बाक उतरवून घेतला, आणि त्या बाकाला जमतील अशा सागाच्या दोन लांब फळ्या तासून आणवल्या. फळ्यांवर मोटारीच्या जुन्या टायरच्या पट्ट्या ठोकल्या, जर्मल घासू नये म्हणून. आडवी लोखंडं कापून खाली घेतली. स्प्रिंगचे पाच पाटे होते त्यातले तीन काढून टाकलेत, कारण एवढ्या हलक्या होडीखाली ते वाकायचेच नाहीत, नुसतेच दणके द्यायचे. नाक टेकायचा टेकू मागे आणलात. हे सगळं करताना घण माझ्या हातात, भोकं पाडताना पकड माझी, बोल्ट आवळताना पाना माझा. तुमची नजर तेव्हाच अंधुक झाली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलायचं नाही. मधूनमधून तुम्ही होडीच्या कडेवर हात फिरवायचात, म्हशीच्या पाठीवर फिरवावा तसा.

साहेबाचा ड्रायव्हर ते दोन दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, जीप घेऊन तिथेच असायचा. ताम्हिणीकडचा माणूस, मोकळा, काम करणाऱ्या बाईशीही तोंडाकडे पाहून बोलणारा. जेवणाच्या वेळी चाकाला टेकून भाकरी खाताना त्याने मला सांगितलं की हा ट्रेलर मोकळा आणताना त्याने पुढच्या टोकावर वाळूची दोन पोती बांधली होती. का, तर पुढं वजन नसलं की उतारावर शेपूट हलायला लागतं, आणि एकदा हलायला लागलं की ब्रेक मारला तरी थांबत नाही, उलट जीपच फिरवतं. मी ते डोक्यात ठेवलं. लोखंडाबद्दल कोणी काही सांगितलं की माझ्या डोक्यात ते आपोआप राहायचं, हे तुमचंच देणं, पण ते तुम्हाला कधी दिसलं नाही.

तुम्ही आस कुठे बसवणार ते मला आधीच माहीत होतं, कारण पंचक्रोशीतल्या सगळ्या गाड्यांचा आस तुम्ही तसाच बसवायचात. गाडी भरली की धुरेखाली करंगळी घालून उचलून दाखवायची, हा तुमचा बाणा. गाडी उलाळ नको, म्हणजे मागे वजन होऊन बैलाचा गळा वर ओढायला नको. आणि पुढे जड नको, म्हणजे बैलाच्या मानेला गळू यायला नको. करंगळीभर वजन पुढे, बाकी सगळं चाकावर. शेतकरी हे पाहून खूश व्हायचे, तुम्ही त्याहून जास्त. होडी ट्रेलरवर चढवून तुम्ही आस अगदी तिच्या पोटाखाली आणलात, समोरच्या हॉटेलातली चार माणसं बोलावलीत, साहेबालाही पुढे घेतलंत, आणि ट्रेलरचं टोक करंगळीने उचललंत. माणसांनी माना डोलावल्या. साहेब इंग्रजीत काहीतरी बोलला. आणि मी, जिने चार महिने तोंड उघडलं नव्हतं, बोलले.

"आबा, बैलाला मान असती. जीपला मान न्हाई. आस माघं घ्या."

ड्रायव्हरने मान हलवली होती. तो काही बोलणार होता. पण तुम्ही बोट त्या टोकाखालून काढलंत, माझ्याकडे नाही, साहेबाकडे पाहिलंत, आणि हसत म्हणालात, "संसार संबाळता आला न्हाई, आन मला गाडीचा तोल शिकवतीया."

साहेब हसला. साहेब लोक जसे हसतात तसा, दात न दाखवता. हॉटेलातली माणसं हसली. ड्रायव्हरने मान खाली घातली, आणि जे बोलणार होता ते गिळलं. मी पाना उचलला आणि तुम्ही सांगितलं तिथे बोल्ट आवळले, एकेक करून, जोर लावून, इतके घट्ट की पुढे ते सोडवताना पाना वाकला म्हणे. माझ्या कोपराची खूण त्या सगळ्या माणसांना दिसत होती. तुम्हालाही दिसत होती, नजर कितीही अंधुक असली तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब होडी न्यायला आला. ड्रायव्हरने ट्रेलर जीपला जोडला, खिट्टी घातली, आणि पिरंगुटच्या चढाने जीप तापली होती म्हणून डबा घेऊन विहिरीवर पाण्याला गेला. साहेबाने आपलं सामान होडीत चढवलं, ताडपत्री ओढून बांधली. तुम्ही घोंगडी झटकत होता. ड्रायव्हर आला, पाणी घातलं, निघाले. तुम्ही रस्त्यापर्यंत त्यांच्यामागे गेलात, हात जोडून.

तासाभराने जीप परत आली, मागे काही नव्हतं. पुढच्या उतारावर शेपूट हललं होतं. ड्रायव्हरने सावरायला पाहिलं, ट्रेलर एका अंगाला गेला, होडी सुटून रस्त्यावर घसरत जाऊन दगडावर आदळली आणि तिचं पोट फाटलं. ड्रायव्हरचं कपाळ काचेवर आपटून उघडलं होतं. फडकं बांधलेलं, त्यातून रक्त अजून येत होतं. साहेब लाल झाला होता. त्याने विचारलं, हे जोडलं कोणी? सरळ प्रश्न होता. तुमच्या हातात सांडशी होती. ती उचलून तुम्ही माझ्याकडे रोखलीत.

"पोरीनं बोल्ट आवळलं सायेब. मला म्हाताऱ्याला कुटं दिसतंय."

तुम्ही पंचावन्नचे होता. आणि चार महिन्यांत, किंबहुना माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, तुम्ही कबूल केलंत की तुम्हाला दिसत नाही. एवढं सत्य तुम्ही जपून ठेवलं होतं ते माझ्यावर खर्च करायला. साहेबाने माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे, आणि म्हणाला की बाईच्या हातून असली कामं करून घेता, मग हेच व्हायचं. तुम्ही मान डोलावलीत, दोन दिवस त्याच्या कपबशीपुढे जी डोलत होती तीच. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता, मी बोलेन म्हणून वाट बघत होता. मी ऐरणीकडे पाहत राहिले.

आठवड्याच्या आत तुम्ही मला नेऱ्याला परत नेऊन घातलंत. कारण सांगितलं नाहीत, सांगण्यासारखं होतंच काय. घण मारशील तवर, आणि आता घण बदनाम झाला होता. आपलीच बैलगाडी, तुम्ही कासरे धरलेले, मी मागे गवतावर. घोटावड्याच्या ओढ्याला बैलांना पाणी पाजायला थांबलो, तेव्हा तुम्ही गवताखालून एक घण काढलात आणि माझ्या मांडीवर ठेवलात. लहान, माझ्या हाताला बसेल असा, धामणीच्या लाकडाचा दांडा, नवा. कधी केला होतात कोण जाणे. म्हणालात, "तितं लागंल." आबा, सांडशी फेकणाऱ्या माणसाच्या घरी मुलीला पोचवताना तिच्या हातात घण द्यायचा, याला काय म्हणायचं हे मला साठ वर्षांत ठरवता आलेलं नाही. तेव्हा मला वाटलं होतं की हा भेकड माणूस माफी मागतोय आणि तीही लोखंडात, कारण तोंडाने मागायची हिंमत नाही. मी घण घेतला. त्याने मी पुढे तीस वर्षं काम केलं. नवऱ्यावर उगारावा लागला तो एकदाच, आणि त्यानंतर त्याच्या हातून सांडशी कधी सुटली नाही. आज तो घण दाराला टेकू म्हणून पडलेला असतो. वारा आला की दार आपटतं, म्हणून.

दिवाळीला माहेरी आले तेव्हा तो ट्रेलर तुमच्या अंगणात होता. साहेबाने होडीचं फाटलेलं पोट कुठेतरी झाळून घेतलं होतं आणि ट्रेलर पुन्हा तुमच्याकडेच धाडला होता, कारण तालुक्यात दुसरा कोणी नव्हता. तुम्ही घरात झोपला होता. मी वाकून पाहिलं. आस वीतभर मागे सरकला होता, नवी भोकं पाडून, आणि भोकं वाकडीतिकडी होती, घण मारायला कोणी नसल्यासारखी. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी नेऱ्याला यायला दोन तास पुरले असते. तुम्ही आला नाहीत. संध्याकाळी मला फराळाचं ताट दिलंत आणि विचारलंत, तिकडं पाऊस कसा झाला. मी सांगितलं, बरा झाला. तुमच्याबद्दल मला जे वाटतं ते त्या दिवशी पक्कं झालं, आणि चार वर्षांनी तुम्ही गेलात तेव्हाही त्यात फरक पडला नाही. माती द्यायला आले, रडले नाही. बायकांना वाटलं, धक्का बसला.

गावात मात्र माझं नाव झालं. पोर बोलली नाही, बापाचा मान राखला, सगळं अंगावर घेतलं. नेऱ्यालासुद्धा ही गोष्ट माझ्या आधी पोचली होती. सासूने पहिल्या दिवशी गरम पाणी काढून दिलं ते त्यामुळेच. सुनांना माझं उदाहरण दिलं गेलं. माझ्या मुलांनी ती गोष्ट त्यांच्या मुलांना सांगितली. इतकी वर्षं मी त्या गोष्टीवर जगले, आबा, तुमच्या लबाडीवर माझा मोठेपणा उभा राहिला. आणि काल ती होडी सरळ रेषेत निघून गेली तेव्हा मला पहिल्यांदा आनंद झाला, आणि लगेच तो नासला.

कारण त्या सकाळी तुम्ही घोंगडी झटकत होता आणि ड्रायव्हर विहिरीवर होता, तेव्हा साहेबाने जीपमधून इंजिन काढलं होतं. होडीला मागे लावायचं इंजिन, पेटीएवढं, आणि पेट्रोलचा भरलेला डबा. तुम्हाला इंजिनाचं कोणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही वल्ह्यांची होडी समजून तोल बसवला होता. साहेबाने ते इंजिन होडीच्या पार मागच्या कडेला अडकवलं, डबा तिथेच ठेवला, ताडपत्री बांधली. मी भिंतीशी उभी राहून पाहिलं. जोडलेलं टोक वर ओढलं गेलं, जीपची मागची बाजू बोटभर उचलली गेली. तुमची करंगळी आता तिथे लागलीच नसती. गाडी उलाळ झाली होती, लोहाराच्या पाच वर्षांच्या पोरालाही दिसावं इतकी. नुसती होडी असती तर कदाचित ती तलावापर्यंत नीट गेली असती. कदाचित नसती. ते मला कधीच कळणार नाही. पण एक शब्द पुरला असता: हे पुढं ठेवा. ड्रायव्हर डबा घेऊन परत आला, माझ्याकडे पाहून हसला, आणि मी त्यालासुद्धा सांगितलं नाही. संसार संबाळता आला नाही म्हणून चारचौघांत हसलेलं तोंड मला फुटलेलं पाहायचं होतं. ते तुमचं तोंड. फुटलं ते त्याचं कपाळ.

म्हणून तुम्ही सांडशी रोखलीत तेव्हा मी बोलले नाही. मान राखला वगैरे काही नाही. तुम्ही खोटं बोलत होता आणि ते खरं होतं, आणि तुम्हाला ते ठाऊक नव्हतं, हे पाहताना मला काय वाटलं ते लिहायची माझी अजून तयारी नाही. तुम्ही भेकड होता, आबा. ते मी मागे घेत नाही. आस सरकवलात आणि तोंड शिवलंत, तेही मागे घेत नाही.

हे सगळं नातवाला वाचून दाखवायचं असं सकाळी ठरवलं होतं. तो मघाशी चहा घेऊन आला, कागद पाहिला, कोणाला लिहितेस म्हणाला. मी म्हणाले, माझ्या बापाला. तो हसला. "आज्जी, त्यांनीच ना होडीचं सगळं तुझ्यावर ढकललं होतं?"

मी म्हणाले, व्हय. आणि कागद उशीखाली सारला.